आधी चार कोंबड्या

६ फेब्रुवारी

चार कोंबड्या पाठवायच्या होत्या तर आधी विचारायची काय चोरी होती? तीन वर्षं तोंड शिवून बसलास, आणि उघडलंस ते खोक्यावर कागद चिकटवून. "आई, एवढ्या ठेवून घे." झालं. कुणाच्या, कशासाठी, कधीपर्यंत, काही नाही. धोब्याकडे कपडे टाकतानासुद्धा माणूस याच्यापेक्षा जास्त बोलतो.

आता आशीर्वाद घे. रागावलेय मी, आशीर्वाद नाही रागावलेला. सूनबाईला सांग. माझ्या नातीला दोनदा सांग. अजून तशीच टिटवीसारखी कलकल करते, की शाळेने तिचं तोंड बंद केलं? आठ वर्षांची झाली असेल. मला कोण सांगणार!

फोन का केला नाही म्हणशील. फोन तू मधेच ठेवतोस. पत्र फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागतं.

तर ऐक. गाडीवाला सकाळी दहाला आला. भला माणूस, पण घाईचा. नवी कोंबडी आली की महिनाभर वेगळी ठेवायची, हे तुला सांगायला नको. याच अंगणात कोंबड्यांच्या मागे रांगत तू चालायला शिकलास. एक तर नवी काय रोग घेऊन येईल सांगता येत नाही. दुसरं म्हणजे जुन्यांचं आपलं ठरलेलं असतं, कोण आधी खाणार, कोण दांडीवर कुठे बसणार. मधेच चार परक्या घुसल्या की रक्त निघतं. मी पाणी आणायला आत गेले, तेवढ्यात त्या शहाण्याने खोकं थेट खुराड्याच्या दारात उघडलं. मी येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. माझ्या सात आणि त्या चार. माझी मुकादमीण तुला ठाऊक नाही, तू गेल्यानंतरची आहे. काळी, जाडजूड, चालतानासुद्धा हिशेब मागत असल्यासारखी चालते. तिने त्यातली पांढरी धरली आणि डोकं सोलून काढलं. तिघी पळाल्या, पांढरीला पळताही येईना. कोपऱ्यात तोंड खुपसून उभी राहिली, मार खात.

आता ती माझ्या स्वयंपाकघरात टोपलीखाली आहे. कोळशाची पूड तेलात कालवून जखमेला लावलीय, म्हणजे लाल दिसायला नको. लाल दिसलं की दुसऱ्या टोचायला येतात, आपली-परकी बघत नाहीत.

कोंबड्या विहीणबाईंच्या आहेत हेही मला गाडीवाल्याकडून कळलं. तुझ्या सासूच्या कोंबड्या, माझ्या दारात! वा रे वा. जागा बरी शोधलीस.

आणि एक सांग. त्या गाडीवाल्याने माझी मागची खोली कशाला बघितली? बाथरूमला पायरी किती उंच आहे विचारलं, गरम पाणी येतं का विचारलं, वर वहीत लिहून घेतलं. कोंबड्या आंघोळ करतात का तुमच्याकडे?

तुझी आई

१४ फेब्रुवारी

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, छापलेला कागद. "अंधार पडल्यावर नव्यांना दांडीवर नेऊन बसव, सकाळी जुन्यांना वाटतं या इथल्याच." कुठे वाचलंस हे, फोनवर? उंटावरून शेळ्या हाकतोस. कोंबडीला मोजता येत नसेल, पण शेजारी कोण बसलंय ते तिला कळतं. तू झोपेत असताना तुझ्या शेजारी परका माणूस आणून निजवला, तर सकाळी उठून त्याला चहा देशील का? चार दिवस ओळख झाल्यावर दांडीवर बसव म्हणतात ते ठीक. ओळखीआधी नाही. ही विद्या अर्धी शिकून चालत नाही.

शेजारच्या सुताराला बोलावलं. त्याने खुराड्याच्या बाजूलाच जाळी ठोकून दिली. आता जाळीच्या अलीकडे माझ्या सात, पलीकडे त्या तीन. दिसतात एकमेकींना, चोच पोचत नाही. दाणा जाळीला लागूनच टाकते, दोन्हीकडे, म्हणजे जेवताना तोंडं समोरासमोर येतात. सुतार म्हणाला, "मावशी, एवढी सोय तर लोक पाहुण्यांची करत नाहीत." मी म्हटलं, पाहुणे जातात रे. या राहायला आल्यात.

पहिले दोन दिवस मुकादमीण जाळीवर धडका देत होती. सुतार म्हणाला, "हिला कुणावर गेलीय म्हणायचं?" आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला चहा दिला नाही.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. पांढरीला टोपलीखाली गवत घालायचं म्हणून मी ते खोकं झटकलं. तळाला, गवताखाली, वहीचं पान निघालं. टिटवीचं अक्षर. माझं भिंग घेऊन वाचलं, तीनदा. तू वाचलं नसशील, नाहीतर वर चिकटवलं असतंस. जसंच्या तसं उतरवते:

"आजी, नानी सांगते आणि मी लिहिते. तांबूला मका आवडतो. ठिपकी उडते, तिच्यावर लक्ष ठेव. भुरी अंडं घातलं की ओरडते, घाबरायचं नाही. पांढरीचं नाव मैदा. मैदा घाबरट आहे. तिला सगळ्यांत खायला जमत नाही. तिला आधी वेगळं ठेवा आणि शेवटी सोडा. नानी म्हणते तुम्हाला सगळं येतं पण सांगून ठेवते."

इतकं व्यवस्थित कुणी मला गेल्या तीन वर्षांत काही सांगितलेलं नाही. तू तर नाहीच. हे पान वर चिकटवायचं सोडून तू तुझे चार शब्द चिकटवलेस. पान वर असतं तर मैदाचं डोकं शाबूत राहिलं असतं. राहिलं असतं की नाही ते सोड. राहायला हवं होतं.

मैदा आता हातावर बसून खाते. हात पुढे केला की आधी एक पाऊल मागे जाते, मग येते. मला ते मागे जाणं आवडत नाही. मी काय तिचं डोकं सोललं?

मागच्या खोलीचं तू काही बोलला नाहीस. मी विसरलेले नाही.

तुझी आई

२२ फेब्रुवारी

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच! लाज वाटते का जरा?

आज आशीर्वाद नाही. शेवटी जमलं तर देईन.

काल गाडीवाला आला होता. माल नव्हता, मोकळी गाडी घेऊन आला, खास भांडायला. दारातच म्हणाला, "आजी, मी तुमचं काय वाईट केलं? माझ्यावर आळ का घातलात? तुमच्या मुलाने मला वाट्टेल ते ऐकवलं. म्हणाले, साधी चार पाखरं नीट पोचवता येत नाहीत, तुला उद्यापासून आमचं काम नाही." चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस.

आता चोर कोण ते लिहिते. खोकं त्याने उघडलं नव्हतं. मी पाणी आणायला गेलेच नव्हते.

तो बिचारा खोकं खाली ठेवून म्हणाला, "आजी, महिनाभर वेगळं ठेवा असं सांगितलंय." मी विचारलं, कुणी सांगितलंय? तो म्हणाला, "साहेबांच्या सासूबाईंनी." ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पन्नास वर्षं कोंबड्या पाळतेय, आणि आता तुझी सासू मला शिकवणार! खोकं उचललं, खुराड्यात आडवं केलं, दार लावलं. म्हटलं, घ्या, ठेवलं वेगळं. गाडीवाला "अहो, अहो" करत राहिला. आणि मी उभी राहून बघितलं. किती वेळ ते विचारू नकोस. दार माझ्याच हाताशी होतं.

एवढं झालं. आता तुझी पाळी.

तो गाडीवाला रागाच्या भरात पुढे काय बोलला माहीत आहे? "तुमचा मुलगा समुद्रापलीकडे चाललाय जूनमध्ये, बायको-पोरीला घेऊन. घर रिकामं करतायत. सासूबाईंना डोळ्यांनी नीट दिसत नाही, तिकडे नेता येत नाही. त्यांना तुमच्याकडे ठेवायचं चाललंय. खोली मी उगाच मोजली का?" मी खालीच बसले, ओट्यावर. त्यालाच माझ्यासाठी पाणी आणावं लागलं. म्हणजे शेवटी पाणी आणायला तो गेला.

असं आहे तर! आधी चार कोंबड्या पाठवायच्या. म्हातारीने त्या ठेवून घेतल्या, हाकलल्या नाहीत, की मग माणूस पाठवायचं. तुझी सासू म्हणजे खोकं आहे का रे? तिच्या पाठीवर पण कागद चिकटवणार होतास, "आई, एवढी ठेवून घे"?

तिला विचारलंस? खरं सांग. मला विचारलं नाहीस ते माझ्या कर्माप्रमाणेच झालं, माझ्याशी तू बोलत नाहीस. पण ती तुझ्या घरात राहते. सकाळ-संध्याकाळ तुझ्या ताटात वाढते. तिला तरी ठाऊक आहे का, तिच्या कोंबड्या कशाला पुढे गेल्या ते? का तिलाही सांगितलंस, बिल्डिंगवाले कटकट करतात म्हणून पाठवतोय? मला वाटतं असंच सांगितलं असशील. तू लहानपणापासून असाच. फुटलेली बशी दुसऱ्या बश्यांच्या खाली ठेवून द्यायचास आणि आई कधी खालपर्यंत जातेय त्याची वाट बघायचास.

आणि कुणाबरोबर ठेवायची तिला? माझ्याबरोबर! तीन वर्षांपूर्वी तुझ्या घरी नऊ दिवस राहिले मी, आठवतंय ना. पहिल्या दिवशी मिठाचा डबा इकडचा तिकडे केला म्हणून सुरू झालं. नवव्या दिवशी चार माणसांत जेवताना मी बोलले, "जावयाच्या दारी बसून खायला बरं जमतं." ती ताटावरून उठली. घास तोंडात होता, तो गिळला आणि उठली. तू मला त्याच संध्याकाळी बसमध्ये बसवून दिलंस. बस सुटेपर्यंत खिडकीशी थांबलाही नाहीस. मी तुझ्या जागी असते तर मीही बसवून दिलं असतं. पण थांबले असते.

गाडीवाल्याला परत कामावर घे. माफी माग. मी मागितली, तुझ्याने का होऊ नये?

जमलं शेवटी. आशीर्वाद.

तुझी आई

९ मार्च

पाकीट उघडलंस तसाच थांब. हे पत्र तुला नाही. तुझ्याशी माझं बोलणं पुढे आहे, घोडामैदान जवळच आहे. हे विहीणबाईंच्या हातात दे आणि खोलीतून बाहेर जा. टिटवी, तू आत ये. तू नानीला वाचून दाखवायचं आहे. आहे तेवढंच वाच, मनचं घालू नकोस, आणि नाकातलं बोट काढ.

विहीणबाई,

तुमच्या कोंबड्यांनी माझं अंगण बाटवलंय. ठिपकी कुंपणावरून उडून शेजारी जाते आणि सुताराच्या लाकडाच्या भुश्यात अंडं घालून येते. तो ते परत देत नाही, म्हणतो, "माझ्या घरी जन्मलं ते माझं." भुरी अंडं घातलं की अशी बोंबलते की गल्लीत चोर शिरल्यासारखं वाटतं. तुम्ही लिहून ठेवलं होतंत म्हणून घाबरले नाही. तांबूचा मक्याशिवाय घास उतरत नाही. फार लाडावून ठेवल्यात.

नमस्कार.

मैदाचं डोकं माझ्यामुळे सोललं गेलं. तुमचा निरोप गाडीवाल्याने नीट दिला होता, पान खोक्यात होतं ते नंतर सापडलं. न सापडताही मला कळायला हवं होतं. निरोप तुमचा होता म्हणून मी तो मानला नाही. आता कातडी धरली आहे, बारीक पिसं फुटताहेत, काळपट येताहेत. कोळशाची पूड लावली होती म्हणून की तशीच येतात, तुम्हाला ठाऊक असेल.

टिटवी, पुढची ओळ एकदाच वाच, दोनदा नको. त्या दिवशी तुम्हाला ताटावरून उठवलं ते माझं चुकलं. झालं. पुढे वाच.

काल जाळी काढली. त्याआधी मी एक केलं. मुकादमिणीला, म्हणजे माझ्या काळीला, पाच दिवस उचलून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवलं, घरामागे, एकटीला. जी टोचते तिला बाहेर काढायचं. पाच दिवस तिच्याशिवाय बाकीच्या आपलं आपलं ठरवून घेतात, आणि ती परत येते तेव्हा तीच नवी असते. पहिल्या दिवशी पिंजऱ्यात तिने एवढा थयथयाट केला की दाणा सांडून टाकला. तिसऱ्या दिवशी गप्प बसली. मी तिच्यासमोर पाट टाकून वाटाणे सोलत बसायची. सुतार म्हणाला, "मावशी, दोघी शिक्षा भोगताय का?" यावेळी मात्र त्याला चहा दिला.

मग दोन ठिकाणी दाणा ठेवला, दोन ठिकाणी पाणी. मधे एक फळी तिरकी उभी केली, म्हणजे घाबरलेलीला मागे जाता यावं, कोपऱ्यात अडकू नये. कोबीचा गड्डा दोरीने टांगला, कुणाला टोचायची हौस असेल तर त्याला टोचा म्हणून. आणि जाळी काढली. तुम्ही म्हणालात तसं मैदाला शेवटी सोडलं.

मुकादमीण तिच्याकडे गेली. एक टोच मारली, मानेवर, हलकी. मैदा फळीच्या मागे गेली. मी काठी धरून उभी होते. जरा वेळाने मैदा फळीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि तिकडच्या भांड्यात खायला लागली. मुकादमिणीने बघितलं आणि कोबीकडे वळली. बस. मैत्री वगैरे काही झालेली नाही, कुणी समजू नये. एकमेकींना मारत नाहीत आणि दोघी पोटभर खातात. मी एवढंच मागत होते.

आता कामाचं. तुमचा जावई जूनमध्ये समुद्रापलीकडे चाललाय. तुम्हाला सांगितलं का? सांगितलं नसेल तर आता टिटवीकडून ऐकताय, माझ्याकडून नाही असं समजा. तुम्हाला माझ्याकडे ठेवायचा त्यांचा बेत आहे. मला कुणी विचारलं नाही. तुम्हालाही विचारलं नसावं. कोंबड्यांना तर नाहीच.

म्हणून मी विचारते. याल का?

नको असेल तर नको लिहा. मला वाईट वाटणार नाही, वाटलं तरी ते माझं मी बघेन. मग तुम्हाला कुठे राहायचंय ते तुम्ही सांगा, आणि तुमच्या जावयाला ते ऐकायला लावायचं काम माझं. त्याला मी अजून ऐकवू शकते, माझं तेवढं शिल्लक आहे.

यायचं असेल तर माझ्या अटी ऐका. मागच्या खोलीला सुतार बाहेरून वेगळं दार करून देतोय. बाथरूमची पायरी त्याने काल फोडली, आता सपाट आहे, शिवाय भिंतीला धरायला दांडा लावलाय. तुमची शेगडी वेगळी, माझी वेगळी. तुमचं मीठ तुमच्या डब्यात, माझं माझ्या डब्यात, आणि कुणी कुणाचा डबा हलवायचा नाही. तुम्हाला दिसत नाही, तेव्हा तुमचा डबा जिथे ठेवाल तिथेच राहील, हा माझा शब्द. पहिला महिना मधलं दार बंद. आवाज येतील, वास येतील, तेवढे पुरे. महिन्याने दार उघडायचं की नाही ते दोघींनी मिळून ठरवायचं.

आणखी एक. नवी कोंबडी कधी एकटी आणत नाहीत. एकटीवर सगळ्या धावून जातात. दोघी असल्या की मार वाटला जातो. तेव्हा तुम्ही याल तर टिटवीला पहिल्या महिन्यासाठी बरोबर आणायचं. जूनच्या आत. शाळा बुडाली तर बुडू दे. हे तुमच्यासाठी म्हणतेय हं, माझं त्यात काही नाही. मुकादमिणीला वेसण घालायला कुणीतरी लागतं आणि टिटवीचा आवाज बरा आहे.

मैदाला तुम्ही काय म्हणून हाक मारायचात? मी "ये ये" म्हणते तेव्हा ती अजून आधी एक पाऊल मागे जाते. संध्याकाळी बाकीच्या दहा आत जातात आणि ही दारात उभी राहते. कुणाच्या तरी हाकेची वाट बघते, आणि ती हाक माझी नाही. ते आधी लिहा, बाकीचं मागून लिहिलंत तरी चालेल.

उत्तर तुम्ही सांगायचं आणि टिटवीने लिहायचं. तिसऱ्या कुणी पेनाला हात लावायचा नाही. जावयाच्या अक्षरातलं पाकीट आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन, आणि त्यावर कागद चिकटवीन: "बाळा, एवढं ठेवून घे."